दोन ज्येष्ठांच्या सहीचा पक्षी

थंडीत पेण-रोह्याकडे पक्षी येतात आणि आमच्या पक्षीमंडळात किस्से. पक्षी मार्चमध्ये परत जातात. किस्से मात्र इथेच घर करून राहतात!

मंडळात मी सोडून सगळे रिटायर्ड. नोंदवही रामवाडीच्या तात्यांकडे. ते माजी मुख्याध्यापक, त्यामुळे नियमही त्यांचेच. दोन ज्येष्ठांनी स्वतः पाहून सही केल्याशिवाय नोंद नाही! वहीत 'प्रथम कोणी पाहिला' असा रकाना आहे. मी झूलॉजीची पदवीधर, तीन हिवाळे पायपीट केली. त्या रकान्यात माझं नाव एकदाही लागलं नव्हतं.

*

कोलाडजवळ वालाच्या शेतात खांबावर गरुड बसला होता. मंडळातले दुसरे ज्येष्ठ म्हणजे बापूकाका. त्यांनी दुर्बीण लावली. "बघ, अर्धा तास हललेला नाही. तुमच्या पिढीला जमेल?"

त्यांनी आणि तात्यांनी सह्या ठोकल्या. मग शेतकरी आला. त्याने गरुड काढला, झटकला आणि अंगात घातला!

केलेली नोंद खोडायची नाही, असाही नियम आहे. सदरा अजून वहीत आहे.

*

कुंडलिकेच्या काठी तात्यांचा हुकूम सुटला, "कुणी शिंकायचंसुद्धा नाही!" समोर चक्रवाकांची जोडी. तेवढ्यात तात्यांच्याच खिशात मोबाइलचा सनई-चौघडा सुरू झाला. फुल व्हॉल्यूम! जोडी भुर्रकन उडाली.

तात्या शांतपणे म्हणाले, "उडताना पंख नीट दिसतात."

*

बापूकाका दुर्बीण कुणाला देत नाहीत. म्हणे, फोकस बिघडतो. एकदा मी हिसकावलीच, तर एका बाजूचं झाकण तसंच!

"काका, हे काय?"

"त्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. त्याला कशाला त्रास?"

*

गेल्या जानेवारीत धरमतरला मी एकटीने कैकर पाहिला. मासे पकडणारा शिकारी पक्षी. पाय पुढे करून धाडकन खाडीत पडला आणि मासा घेऊन वर! मी फोटो काढला. तात्यांनी तो हात लांब करून पाहिला.

"घार असेल."

"तात्या, घार अशी पाण्यात सूर मारत नाही!"

"फोटोत दोन ज्येष्ठ कुठे आहेत?"

तिथल्या मिठागरात काम करणाऱ्या हिरामावशींना मी साक्षीला आणलं होतं. त्या माझ्या बाजूने बोलल्या, "मी रोज बघतंय त्याला. साठीच्या वर हाय मी."

"तुम्ही सभासद नाही."

माझं डोकंच फिरलं. "रविवारी सगळे चला! दिसला तर माझं नाव लागलंच पाहिजे!"

"नियमात बसलं तर लागेल."

*

रविवारी दोन्ही ज्येष्ठ मिठागराच्या बांधावर बसले. पाण्याकडे पाठ करून! कारण डोळ्यांवर ऊन येत होतं. तात्यांच्या मांडीवर वही उघडी.

कैकर आला, सूर मारला, मासा घेऊन उठला. "तो बघा!" मी किंचाळले. इतक्यात एक घार त्याच्या मागे लागली आणि बरोबर ज्येष्ठांच्या डोक्यावर झटापट सुरू झाली.

"ओरडू नकोस," तात्या मान वर न करता म्हणाले.

आणि थाप्पकन वहीवर एक बोय मासा पडला. जिवंत!

दोघांनी वर पाहिलं. तोवर दोन्ही पक्षी कांदळवनापलीकडे गेले होते. दोघांनी खाली पाहिलं. बोय तडफडत होता.

"आता तरी लिव्हा!" हिरामावशी म्हणाल्या.

तात्यांनी मासा बाजूला सारला, पान धोतराने पुसलं आणि लिहायला घेतलं. पक्षी: बोय. संख्या: एक. बापूकाकांनी सही केली. खाली तात्यांनी केली.

मग पेन एका रकान्यावर थांबलं.

"प्रथम तूच पाहिलास ना? पूर्ण नाव सांग गो."