झऱ्यावरचे अंजन आणि वामन मास्तर

वामन मास्तर माझ्या लाकडाच्या वखारीत आले की आधी ओंडक्यांकडे जायचे, मग माझ्याकडे. खिशातून बाभळीचा काटा काढायचा, कापलेल्या तोंडावर टेकवायचा आणि आतून बाहेर एकेक वलय मोजत यायचं, तेही मोठ्यानं. "भाऊ, हा तुमच्या बापाहून मोठा होता," असं त्यांनी सांगितलं की समोरचं गिऱ्हाईक ओशाळायचं आणि जमत आलेला सौदा थंड व्हायचा. मी चिडायचो. "मास्तर, मी येतो काय तुमच्या शाळेत पोरं मोजाले?" ते म्हणायचे, "या ना. हजेरी घेऊन मीच कंटाळलो."

जळगाव जामोदच्या शाळेत ते इंग्रजी शिकवत. मी बैलगाडी हाकता हाकता ठेकेदार झालेला, सहीपुरता लिहिणारा. त्यांच्याकडे पुठ्ठा गेलेली एक इंग्रजी कादंबरी होती. अमेरिकेत गोऱ्यांनी रान तोडून पहिली गावं वसवली, त्या काळातली. संध्याकाळी ओंडक्यावर बसून ते ती मला मराठीत सांगत. तिच्यात फासे लावून जगणारा एक म्हातारा होता आणि रान जाळून शेत काढणारा एक वसाहतवाला. दोघांचं पानोपानी भांडण.

"म्हातारा म्हणतो, लागेल तेवढंच घे. बाकीचं उभं राहू दे."

"अन् त्या दुसऱ्यानं खावं काय? सावली?"

मी नेहमी वसाहतवाल्याच्या बाजूनं. तोही माझ्यासारखाच रिकाम्या हातानं आला होता. मास्तर हसत. "तुम्ही पुस्तकात असते, तर म्हाताऱ्याले दुसऱ्याच पानावर हाकललं असतं." शेवटी कोण जिंकतं, असं विचारलं की मात्र म्हणत, "शेवटची पानं वाळवीनं खाल्ली, भाऊ."

त्या वर्षी सातपुड्याच्या पायथ्याशी, झऱ्याकाठचं एका पाटलाचं खाजगी रान मी तोडीला घेतलं. तिथे अंजनाची तीस थोराड झाडं होती. आमच्या धंद्यात खाजगी रानातल्या तोडायच्या झाडाची साल तासून त्यावर ठेकेदार हातोडीनं आपला शिक्का मारतो. मी तिसांवर मारला. तोड होळीपर्यंतच करायची, असा करार होता. मुकादम सोमाला "उद्यापासून लाग" एवढंच सांगून मी बैल घ्यायला खामगावला गेलो. सोमाची कोरकू माणसं हंगामभर सरकारी जंगलात राबली होती, आणि तिथे जंगल खातं शिक्का मारतं तो राखायच्या झाडांवर. हे त्याला सांगायचं माझ्या ध्यानातच आलं नाही.

सोमाला शंका आली. मास्तर झऱ्यावर फिरायला आले होते. रोज माझ्या वखारीत बसणारा शिकलेला माणूस, म्हणून त्यानं त्यांनाच विचारलं, "शिक्क्याचं झाड ठेवाचं ना, गुरुजी?"

मास्तर म्हणाले, "हाव. ठेवाचं."

मी परतलो तो होळीचा दिवस. कोरकू होळीला कुऱ्हाडीला हात लावत नाहीत. सगळे आपापल्या पाड्यांवर गेले होते. तीसही अंजन उभे, माझे शिक्के मिरवत. त्यांच्या खालची सगळी कोवळी झाडं मात्र आडवी. मनगटाएवढी. मुदत संपली. पाटलानं ती वाढवून दिली नाही.

मास्तर आपण होऊन वखारीत आले. तसल्याच एका खोडावर काटा टेकवून मोजू लागले. नऊ. अकरा. पुढे हात थांबला. "सोमाले मीच हो म्हटलं. मले वाटलं, सगळीच वाचतील. बिनशिक्क्याची कापतील हे सुचलंच नाही."

"काऊन केलं असं?"

"तो म्हातारा डोक्यात बोलतच राह्यला, भाऊ."

"अन् मी मेलो होतो काय बे?" मास्तरांना मी बे म्हणालो. "मले मागाचे होते. दहा माग, पंधरा माग. घासाघीस करून पाच तरी दिले असते."

"तुमच्याशी घासाघीस करून कोण जिंकलं आजवर?"

हे मला लागलं, नुकसानापेक्षा जास्त. मागून बघायच्या आधीच या माणसानं माझं उत्तर ठरवून टाकलं होतं. मी त्यांना वखारीबाहेरची वाट दाखवली. पुढे ते रस्त्यात दिसले तरी मी मान वळवायचो.

चार वर्षांनी ते तापानं गेले. त्यांच्या बहिणीनं ते पुस्तक माझ्याकडे पाठवलं. मी कचेरीतल्या एका कारकुनाकडून शेवट वाचून घेतला. पानं शाबूत होती, वाळवीचं भोक एक नाही. म्हातारा थंडीत एकटा मरतो. वसाहतवाला उरलेलं रान तोडतो आणि तिथे गाव भरभराटीला येतं. म्हणजे माझा माणूस जिंकला होता, आणि मास्तरांनी तेवढंही मला सांगितलं नव्हतं.

ते अंजन तोडीला घे म्हणून पाटील आता दोनदा निरोप पाठवून चुकला आहे. दरवर्षी होळीच्या आधी मी झऱ्यावर जातो. शिक्क्यांवर साल चढत आली आहे, खालून नवे कोंब वर आले आहेत. एकेका अंजनावर हात ठेवून मी भाव मनाशी पक्का करतो. सोडीन तर पाचच, सहावं नाही. मग वाट बघत उभा राहतो. पण समोरून दहा मागणारं कोणी नसतं, आणि एकट्यानं घासाघीस मला अजून जमत नाही.