नीतिपाठाच्या बाई

मुलगा खोटं बोलतोय असं वाटलं, की बाई आधी चष्मा काढायच्या. पदराच्या टोकाने काचा पुसत म्हणायच्या, "आता तुझं तोंड मला दिसत नाही. आता सांग."

चष्म्याशिवाय त्यांना हातभर अंतरावरचंही नीट दिसत नसे, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. समोरचं पोर त्या आडोशाला जरा विसावायचं आणि बहुधा खरं बोलून मोकळं व्हायचं. एखादं तरीही खोटंच बोलायचं. मग बाई चष्मा लावून नुसतं "बरं" म्हणायच्या आणि धडा पुढे सुरू करायच्या. ते "बरं" छडीपेक्षा जास्त लागतं, असं मुलं सांगत.

केडगाव आणि दौंडच्या दरम्यान रेल्वेलाइनीला लागून असलेल्या एका गावात आमची लोकल बोर्डाची शाळा होती. सत्तावन्न-अठ्ठावन्नचा सुमार असेल. मी नुकताच नोकरीला लागलेला, आणि बाई पंचेचाळिशीच्या. मूळच्या शिरूरच्या, ख्रिस्ती, अविवाहित. राहायला केडगावात. सकाळच्या गाडीने येत आणि संध्याकाळच्या गाडीने परत जात. पांढरं पातळ, हातात कापडी पिशवी. अशा बाई तुम्हीही कुठल्या ना कुठल्या शाळेत पाहिल्या असतील. दुरून सगळ्या सारख्याच दिसतात.

शनिवारी नीतिपाठाचा तास असे. हेडमास्तर आपल्या वर्गात गोष्ट सांगून तात्पर्य पाठ करून घेत. बाई गोष्टच अर्धी सोडत. एकदा त्यांनी सातवीला विचारलं, तुमची म्हैस रात्री सुटली, शेजाऱ्याच्या शेतातलं कडवळ खाऊन आली, कुणी पाहिलं नाही, तर सांगाल का? एक जण उठून म्हणाला, "बाई, म्हस काळी, रात काळी, कोण वळखतंय?" सगळा वर्ग हसला, बाईही हसल्या. मग कडवळ ज्याचं गेलं त्याच्या बाजूनं कोण बोलणार, असं त्यांनी विचारलं आणि तासभर भांडण झालं. घंटा झाली तरी बाईंनी उत्तर सांगितलं नाही. हेडमास्तरांनी नंतर विचारलं, की तात्पर्य कुठं आहे? बाई म्हणाल्या, "मुलं घरी घेऊन गेली."

त्या वर्षी मुलांना एक खेळ सापडला होता. मालगाडी शाळेमागून जाऊ लागली, की डब्यावर दगड मारायचा. लोखंडाचा डबा ठणकन वाजला की नेम लागला. आम्ही रागवायचो, मुलं दोन दिवस थांबायची. एका दुपारी एक दगड डब्याला न लागता इंजिनात कोळसा टाकता टाकता बाहेर डोकावलेल्या फायरमनच्या डाव्या डोळ्याला लागला.

दुसऱ्या दिवशी रेल्वे पोलिसांचे जमादार शाळेत आले. दगड शाळेच्या बाजूनेच आला, एवढं ड्रायव्हरने सांगितलं होतं. हेडमास्तरांनी सातवीचा वर्ग ओळीने उभा केला आणि प्रत्येकाच्या हातावर छडी ओढली. नाव कुणीच सांगितलं नाही. जमादार, पुन्हा येतो, म्हणून गेले.

बाईंनी वर्गाला काहीच विचारलं नाही. चष्माही काढला नाही. एवढंच म्हणाल्या, "तो माणूस दौंडच्या दवाखान्यात आहे. रविवारी मी त्याला बघायला जाणार आहे. ज्याला यायचं असेल त्यानं घरी सांगून स्टेशनावर यावं."

हेडमास्तरांना हे पसंत नव्हतं. लक्ष ठेवायला म्हणून त्यांनी मला बरोबर धाडलं. स्टेशनावर आठ-नऊ मुलं आली होती. त्यांत मळेवाल्या आप्पांचा दत्तूही होता.

फायरमन तिशीचा होता. अर्ध्या तोंडावर पट्टी, शेजारी बायको. शाळेतली मुलं आपल्याला बघायला आली, याचं त्याला अप्रूप वाटलं. त्याने बायकोला मोसंबी सोलायला सांगितली आणि प्रत्येकाच्या हातावर फोडी ठेवल्या. मग आपणहून सांगू लागला, की डॉक्टरांनी आशा सोडली आहे. इंजिनावर एका डोळ्याचा माणूस चालत नाही. ड्रायव्हर व्हायचं मनात होतं, ते आता राहिलं. शेडमध्ये काही हलकं काम मिळालं तर बघायचं.

मुलं फोडी खात होती. दत्तूने खाल्ली नव्हती.

"दगड म्या मारला," तो म्हणाला.

फायरमनला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याने विचारलं, "कशापायी रं?"

"नेम डब्यावर धरला व्हता."

फायरमनने एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "जावा आता." त्याची बायको रडू लागली. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने बाजूला केला. आम्ही बाहेर पडलो.

स्टेशनावर दत्तूने बाईंना विचारलं, त्यांनी मला माफ केलं असंल का? बाई म्हणाल्या, "नाही. करायचं की नाही, ते त्यांचं त्यांनी ठरवायचं. ते आपण मागायचं नसतं." शाबासकी दिली नाही, डोक्यावरून हातही फिरवला नाही. मला तेव्हा त्या कठोर वाटल्या.

परतीच्या गाडीत मी हळूच विचारलं, की दत्तूचं तुम्हाला आधी ठाऊक होतं का? नव्हतं. दगड कुणाला लागला हे मुलांनी बघावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. थोड्या वेळाने खिडकीबाहेर पाहत त्या म्हणाल्या, "गुरुजी, त्या माणसाच्या दुखण्यावर मी आज वर्ग भरवला. हे बरं केलं की वाईट, मला कळत नाही."

दत्तूने घरी जाऊन बापाला सांगितलं आणि मार खाल्ला. दुसऱ्या दिवशी आप्पा शाळेत आले. आरडाओरडा केला नाही. शांतपणे म्हणाले, "बाई, पोरगं गप बसलं आस्तं तर कुणाला कळलं व्हतं? तुमी त्याला बोलाया लावलं. उद्या पोलिसानं नेलं तर?"

"मी लावलं नाही, आप्पा," बाई म्हणाल्या. "पण गप बस, असंही मी त्याला सांगितलं नसतं."

जमादार पुन्हा आले, तेव्हा बाईंनी नाव दिलं नाही. ज्याला सांगायचं त्याला मुलाने सांगितलं आहे, एवढंच त्या म्हणाल्या. जमादार दवाखान्यात गेले. तिथे फायरमनने, मला काही दिसलं नाही, असा जबाब दिला. प्रकरण मिटलं.

गावात मात्र मिटलं नाही. बाई पोरं बाटवायला नेतात, असं कुणीतरी उठवलं आणि ते वाऱ्यासारखं पसरलं. हेडमास्तरांनी वर कळवलं. दिवाळीनंतर बाईंची बदली झाली, शिरूर तालुक्यात, इनामगावच्या पुढे, घोड नदीकाठच्या एका शाळेत. निरोपसमारंभ झाला नाही. संध्याकाळच्या गाडीने त्या नेहमीसारख्या गेल्या आणि सकाळच्या गाडीने आल्या नाहीत.

दत्तू रविवारी दौंडला जात राहिला. मळ्यातली वांगी, मेथी घेऊन रेल्वेच्या चाळीत फायरमनच्या दाराशी उभा राहायचा. पहिल्यांदा भाजी तशीच परत आली. पुढच्या खेपेलाही. आप्पा सुरुवातीला चिडले, मग भाजीची पाटी स्वतः भरून देऊ लागले. केव्हातरी फायरमनच्या बायकोने ती आत नेली. हे मला दत्तूनेच सांगितलं, तेही विचारल्यावर.

सात-आठ वर्षांनी बाई शिरूरला वारल्याचं केडगाव स्टेशनवर कळलं. मी एस.टी.ने गेलो. ख्रिस्ती दफनभूमीत पंधरा-वीस माणसं होती. नदीकाठच्या शाळेतली काही मुलं होती. मागे बाभळीखाली दत्तू उभा होता, आता विशीतला, आणि त्याच्याजवळ तो फायरमन.

माती देऊन झाल्यावर मी त्याच्याशी बोललो. बाईंना तो त्या एका दिवसानंतर कधी भेटला नव्हता. मग एवढ्या लांब कसा आलात, असं मी विचारलं. तो म्हणाला, "त्या बाईंनी पोराला आणलं म्हणून मला कळलं, कुणी मारला. न्हाईतर जल्मभर दिसंल त्या पोराकडं मी 'ह्योच का त्यो' आशा नजरेनं बघितलं आस्तं."

माफीबद्दल तो काही बोलला नाही. मीही विचारलं नाही.

दोघं स्टँडकडे निघाले. रस्त्यावर बाजाराच्या गाड्यांची गर्दी होती. दत्तू फायरमनच्या डाव्या, गेलेल्या डोळ्याच्या बाजूने चालत होता. समोरून बैलगाडी आली, की तो किंचित पुढे होई आणि गाडी गेली, की पुन्हा त्याच्या बरोबरीने चालू लागे.