बोटीवरच्या खोल्यांची यादी

माझ्या भाचीचं लग्न बोटीवर झालं असं सांगितलं की लोकांना आधी वाटतं, आम्ही फार पैसेवाले असू. तसं काही नव्हतं. तिचा बाप, माझा थोरला भाऊ, पोलादपूर तालुक्यात, उमरठच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या वाडीवर राहतो. म्हशी, थोडी भातखाचरं, उताराच्या वरकस जमिनीत नाचणी. होणारा जावई मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या एका मोठ्या प्रवासी बोटीवर पाव-केक भाजायच्या विभागात होता. लग्न आधी एकदा आमच्या घरच्या सुतकात लांबलं, दुसऱ्यांदा त्याच्या करारापायी. तिसऱ्यांदाही सुट्टी नाही म्हटल्यावर त्यानेच कंपनीत विचारलं. नोकरांच्या नातेवाइकांना सवलतीत नेतो, छोटा हॉल दोन तास देतो, असं कंपनीनं कळवलं. दोन हजार सालानंतर पाच-सहा वर्षं उलटली होती. अशी बोट असते हे आम्हाला वर्तमानपत्रातल्या जाहिरातींवरून तेवढं ठाऊक होतं.

ही बातमी घेऊन भाची स्वतः मुंबईहून वाडीवर आली. दादा पडवीत दोरी वळत बसला होता. त्याचे हात थांबले.

"लगीन पाण्यावर? मग मांडव कुठं घालायचा?"

वहिनी आतून पीठ मळता मळताच म्हणाली, "मांडव हितंच घालू दारात. हळद हितं लावू. तांदूळ तेवढे तिकडं टाकू."

दादाने तिच्याकडे पाहिलं आणि दोरी पुन्हा वळायला घेतली. म्हणजे त्याचा होकार होता.

मी महाडच्या एका हायस्कुलात क्लार्क. त्यामुळे आमच्या बाजूच्या पाहुण्यांच्या खोल्या धरायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. "आत्या, फॉर्म भरण्यात तुझा हात धरणारं कोणी नाही," असं भाची म्हणाली, आणि मला ते खरं वाटलं हे कबूल करायला हवं. कंपनीने आम्हाला बारा खोल्यांचे नंबर दिले होते. पाच खोल्या दोघादोघांच्या, सात चौघाचौघांच्या. एकूण अडतीस माणसं. कोण कोणत्या खोलीत, ते आम्ही ठरवून ठरल्या तारखेच्या आत कळवायचं.

एका रविवारी मी वाडीवर गेले आणि पडवीत कागद पसरून बसले. अर्धी वाडी जमली. जेवणाच्या पंगतीचा हिशेब आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल, पण खोल्यांचा हिशेब कुणीच कधी केला नव्हता. सासरा आणि सून एका खोलीत चालणार नाहीत. दोन जावा बोलत नव्हत्या, त्यांना लांबच्या खोल्या. एका चुलत भावाने विचारलं, "खिडकी हाय का?" मी नाही म्हटलं. आमच्या खोल्या आतल्या बाजूच्या होत्या. तो म्हणाला, "मग मी नाय येत. आनि म्हशींचं कोन बघनार? सगळे गेले तर धारा काय बोटीवरनं काढायच्या?" सगळे हसले, पण त्याचं बरोबर होतं. आणखी दोन घरं गुरांसाठी मागे राहिली आणि त्यांच्या जागी खालच्या वाडीतली माणसं यादीत आली.

थोरली काकी म्हणजे माझ्या वारलेल्या चुलत्याची बायको. सत्तरीच्या पुढची. तिने एकच विचारलं. "दिवा लावायला देतील ना गो?"

"नाही काकी. बोटीवर आग पेटवू देत नाहीत. विजेचा दिवा ठेवणार आहेत."

ती म्हणाली, "उजेड पडला म्हंजे झालं."

यादी बहुतेक झाली तेव्हा वहिनीने मला परसात बोलावलं. काहीतरी चुकलंय अशा आवाजात ती म्हणाली, "आमच्या खोलीत दोगंच कशी? काकीला घाल आमच्यात."

"दोघांचीच खोली आहे ती."

"लोक काय म्हनतील?"

मी सांगितलं, दोघांच्या खोल्या आणखी चार आहेत. वहिनी लग्न होऊन घरात आली तेव्हा सासू-सासरे, तीन दीर आणि मी, सगळे एकाच माजघरात झोपायचो. नंतर पोरं झाली. दार लावून घ्यायची खोली तिला तीस वर्षांत मिळाली नव्हती. ती पदराने हात पुसत राहिली आणि म्हणाली, "बरं. असू दे मग." तिच्या चेहऱ्यावरचा संकोच मला अजून दिसतो. त्याखाली थोडी खुशीही होती.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी फॉर्म भरायला बसले. नाव, आडनाव, स्त्री की पुरुष, जन्मतारीख, खोली. वडिलांच्या नावाला रकाना नव्हता, म्हणून मी ते लिहिलं नाही. जन्मतारखा कुणालाच ठाऊक नव्हत्या. मतदार ओळखपत्रांवर नुसतं वय होतं, तेही अंदाजाचं. आमच्या शाळेत दाखला नसलेल्या मुलाची तारीख एक जून टाकायची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. माझा हात त्याच सवयीने चालला. पन्नाशीच्या आसपासच्या सगळ्यांना एकच साल, चाळिशीच्यांना एक, साठीच्यांना एक. यादी कशी स्वच्छ दिसत होती. झेरॉक्सच्या दुकानातून मी ती फॅक्स केली आणि निर्धास्त झाले.

आठवड्याने कंपनीकडून पक्की यादी आली. मी बोटाने मोजत खाली आले तर एकतीस नावं. पुन्हा मोजली, तरी एकतीसच.

मी त्याच दुकानातून मुंबईला फोन लावला. पलीकडचा माणूस सभ्यपणे बोलला. "मॅडम, तुम्ही काही नावं दोन-दोनदा पाठवली होती. डुप्लिकेट नावं कॉम्प्युटर आपोआप काढतो. ट्रिप जवळजवळ फुल आहे. काही बदल असेल तर ऑफिसला यावं लागेल."

फोन ठेवला आणि माझ्या लक्षात आलं. आमची अख्खी वाडी एकाच आडनावाची. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत, त्यामुळे एकाच नावाचे तीन-तीन चुलत भाऊ. वडिलांचं नाव गेलं, तारीख सगळ्यांची एक जून, साल मी माझ्या सोयीने एकच केलेलं. कॉम्प्युटरला ती तीन माणसं एकच वाटली तर त्याचा काय दोष? सात माणसं मी माझ्या हाताने पुसली होती.

दादाला मी काही कळवलं नाही. वाडीवर निरोप गेला असता तर हळदीआधीच रुसवेफुगवे सुरू झाले असते. शाळेत परीक्षेच्या फॉर्मांची घाई होती. मुख्याध्यापकांनी एका दिवसाची रजा दिली, तीही पुढच्या गुरुवारची. मधले पाच दिवस मी कशी वावरले ते माझ्या नवऱ्याला विचारावं. भाजीत दोनदा मीठ पडलं आणि एकदा पडलंच नाही.

गुरुवारी पहाटे रिक्षाने वीर स्टेशन गाठलं आणि गाडीत खिडकीशी जागा मिळाली. पिशवीत सगळ्यांच्या ओळखपत्रांच्या झेरॉक्स होत्या. जागा खरंच संपल्या असतील तर सात जणांना नाही म्हणावं लागेल, ते नाही कुणाला म्हणायचं हे आधीच ठरवून ठेवावं, म्हणून मी वही काढली. पहिलं माझं नाव लिहिलं. दुसरं नवऱ्याचं. तो आदल्या दिवशीच म्हणाला होता, "माझं काढ. मला पाण्याची हौस नाही." त्याला पोहायची किती हौस आहे ते मला माहीत होतं. उरले पाच. खालच्या वाडीतली दोन माणसं लिहिली. मग पेन बराच वेळ थांबलं, आणि मी काकीचं नाव लिहिलं. वय झालंय, बोट लागेल, तिला वगळलं तर कुणी दोष देणार नाही. ती स्वतःही तक्रार करणार नाही. ती तक्रार करणार नाही म्हणूनच मी तिचं नाव लिहितेय, हे कळलं तेव्हा मला माझीच लाज वाटली. मी ते खोडलं, इतकं की कागद फाटला. मग वही मिटून पिशवीत टाकली आणि पनवेल येईपर्यंत बाहेर बघत राहिले.

ऑफिस एका उंच इमारतीत होतं. मला तिथल्या मुख्य बाईंच्या समोर बसवलं. माझ्याच वयाच्या, चष्मा लावलेल्या. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. चूक माझीच आहे, असंही म्हटलं. त्यांनी स्क्रीनवर पाहिलं, आमच्या यादीवरून पेन फिरवलं, आणि विचारलं, "म्हणजे ही तीन माणसं खरोखरच वेगळी आहेत?"

"एक माझ्या वर्गात होता. दुसऱ्याने मला ओढ्यात पोहायला शिकवलं. तिसरा आमच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान आहे."

"आणि ह्या दोन बायका?"

"एक माझी चुलत वहिनी. दुसरी तिचीच जाऊ."

त्या पहिल्यांदा हसल्या. मग म्हणाल्या, "जागेची काळजी करू नका. खोल्या नंबराने धरलेल्या असतात, नावाने नाही. बाराच्या बारा तुमच्याच आहेत. सात पलंग नुसते रिकामे दिसताहेत. नावं नीट भरून दिलीत की झालं."

त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. मी तो पूर्ण प्यायले. सहा दिवसांनी मला पहिल्यांदा खरी तहान लागली होती.

मग आम्ही दोघी शेजारी बसलो. प्रत्येकाच्या नावाला जोडून वडिलांचं नाव घातलं, बायकांच्या नावाला नवऱ्याचं. वयं ओळखपत्रांवरून पुन्हा लावली. त्या विचारायच्या, "ह्यांच्यात थोरला कोण?" आणि मी आठवून सांगायचे. कोण कुणाआधी शाळेत गेला, कुणाचं लग्न कुणाच्या मागून झालं. त्यातल्या बहुतेकांना मी लहानपणापासून ओळखत होते, तरी त्यांच्याकडे एकेक करून इतक्या नीट मी कधी पाहिलं नव्हतं. दुपारी दोन वाजता छापील यादी माझ्या हातात पडली. मी ती तिथेच उभी राहून मोजली. बाईंनीही थांबून मला मोजू दिलं.

परतीच्या गाडीत मला भूक लागली. सकाळचा डबा तसाच होता. पोळी-भाजी गार झाली होती, पण मी शेवटच्या घासापर्यंत खाल्ली.

लग्नाच्या दिवशी बंदरावर दाराशी एक मुलगा यादी घेऊन उभा होता. त्याने एक नाव पुकारलं आणि आमचे तिघे एकदम पुढे सरकले. तो गोंधळला. पण वडिलांची नावं वाचल्यावर तिघे तीन ओळींत सापडले. काकीने आपलं ओळखपत्र छातीशी धरलं होतं. ती आत जाईपर्यंत मी मागेच थांबले, आणि तिच्या मागून चढले.

लग्न छान झालं. हॉलमध्ये खाली गालिचा होता, म्हणून बोटीवरच्या माणसांनी अक्षता आधी थोड्याच द्यायला सांगितल्या. आमच्या बायकांनी ओट्यांतून वेगळ्या आणलेल्या होत्याच. मंगलाष्टकं खालच्या वाडीतल्या भटजींनीच म्हटली. बोट हलकी डुलायची तेव्हा त्यांचा सूर जरा लांबायचा. जावयाच्या सोबत्यांनी स्वतः केक केला होता आणि त्यावर क्रीमचं तोरण काढलं होतं. दादाने कन्यादान केलं आणि नंतर कठड्याशी जाऊन उभा राहिला. वहिनी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. दोघं कितीतरी वेळ पाण्याकडे बघत होती.

कुणाला बोट लागली नाही असं नाही. चौघांना लागली, त्यात माझा नवरा एक. पण हरवलं कुणी नाही, रुसलं कुणी नाही. न बोलणाऱ्या दोन जावा लांबच्या खोल्यांचे रस्ते शोधताना दोनदा चुकल्या, आणि तिसऱ्यांदा एकमेकींना विचारत खोलीपर्यंत पोचल्या.

दुसऱ्या दिवशी मला जाग आली तेव्हा आमच्या बिनखिडकीच्या खोलीत अंधारच होता. घड्याळ बघितलं तर सव्वानऊ. मी उभ्या आयुष्यात इतक्या उशिरापर्यंत झोपले नव्हते. बाहेर बोळातून आमच्याच माणसांचे आवाज येत होते. चहा कुठे मिळतो ते कुणीतरी कुणाला सांगत होतं. मला कुणी उठवायला आलं नव्हतं, कुणाचं माझ्यावाचून काही अडलं नव्हतं. मी पांघरूण पुन्हा वर ओढून घेतलं आणि आणखी थोडा वेळ तशीच पडून राहिले.