अनघड दगड आणि पाथरवटभाऊ

शेजारचे पाथरवटभाऊ फ्रीमेसन व्हायला निघाले, तेव्हा वहिनींनी मला विचारलं, "हे असतं तरी काय?" न विचारता सांगणारा मी, विचारल्यावर गप्प बसणार थोडाच?

म्हटलं, "पूर्वी युरोपात चर्च बांधणाऱ्या गवंड्यांचे संघ होते. परगावी खरा कारागीर ओळखू यावा म्हणून त्यांच्या खुणा ठरलेल्या असत, असं सांगतात. पुढे त्यात हौशे शिरले. गवंडी गेले, काटकोन तपासायचा त्यांचा गुण्या आणि कंपास राहिले. आता भिंत नाही, माणूस घडवायचा. बंधुभाव, दानधर्म, सचोटी. देव मानायचा, कुठलाही चालतो. पण बैठकीत धर्म आणि राजकारण काढायचं नाही."

"मग बोलतात काय?"

मी चहा मागितला.

भाऊंचा जीव मात्र तिथे अडकला होता. चाळीस वर्षं दगड फोडून त्यांना कुणी धड 'अहो' म्हटलं नव्हतं. तिथे निवृत्त न्यायाधीश 'बंधू' म्हणणार होते.

आतलं बाहेर सांगायचं नाही, ही शपथ भाऊंनी पाळली. मला सांगितलं ते बैठकीच्या दाराशी तलवार घेऊन उभ्या असणाऱ्या पहारेकऱ्याने. तो माझ्या चुलतभावाचा मेहुणा, आणि दाराला फट आहे.

भाऊंच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, पॅंटचा एक पाय दुमडला. पट्टी सोडली तर समोर ओबडधोबड दगड. अनघड दगड म्हणजे अनघड माणूस. नवख्याने त्यावर तीन हलके टोले मारायचे आणि जन्मभर स्वतःला घडवायचं. शंभर वर्षं सगळ्यांनी टोले मारले होते, दगडाला ओरखडा नव्हता.

भाऊंनी तीन मारले. चौथा हाताने आपणहून मारला. मग खिशातून दगड घडवायची टाकी निघाली.

"बंधू, पुरे," न्यायाधीश म्हणाले.

"एवढा कोपरा, साहेब."

पाऊण तासात दगड सहाही बाजूंनी चौकोनी. वर भाऊंचा शेरा: "तुमचा गुण्या जरा तिरका आहे."

आता पुढच्या नवख्याने टोले मारायचे कशावर? न्यायाधीशांनी निकाल दिला: गुरुवारी दुसरा अनघड दगड आणा, तरच बंधू.

सोमवारी आणलेला भाऊंनी सोमवारीच घडवला. मंगळवारचाही. बुधवारचा वहिनींनी माझ्या कपाटात कोंडला. संध्याकाळी भाऊ माझ्या दारात हजर.

"नुसता बघतो."

"हात मागे घ्या."

"डावीकडे फुगलाय हो."

"फुगू द्या."

गुरुवारी दगड अनघडच पोचला. भाऊ बंधू झाले. त्यांना दगडापासून सगळ्यात लांबच्या खुर्चीत बसवतात आणि दोन्ही बाजूंना दोन डॉक्टर बंधू त्यांचे हात धरून बसतात. बंधुभाव म्हणतात तो हाच असावा.