न उचलायचा फोन

माझ्या आईने माझा फोन कधी उचलला नाही. तो उचलायचाच नसायचा. मी पुण्याला हॉस्टेलवर राहायला गेले तेव्हाच आमचं ठरलं होतं, संध्याकाळी कॉलेजातून खोलीवर आले की एक रिंग द्यायची आणि कापायचं. एक रिंग म्हणजे पोचले, बरी आहे. पॅकमध्ये बोलणं फुकट झालं तरी आईच्या लेखी मिस कॉल तो मिस कॉलच. लोणावळ्याजवळच्या कुरवंडे गावातल्या आमच्या घरात रेंज येते ती फक्त खिडकीशेजारच्या देवळीत. तिथे तिचा बटणांचा फोन ठेवलेला असायचा. तो एकदा वाजून गप्प झाला की ती निवांत भात टाकायची.

दुसऱ्या वर्षाला मी फोनमध्ये बुडाले. सुरुवात घराच्या आठवणीने झाली. आमच्या गावच्या नागफणी कड्यावर नाचणाऱ्या पर्यटकांच्या रील्स बघायचे. नाचणाऱ्यांशी मला काय करायचंय! मी त्यांच्या मागे बघायचे. एखाद्या रीलमध्ये आमचा उतार दिसायचा, गवताचा भारा घेऊन चाललेली कुणी बाई दिसायची. आईच असेल म्हणून तीच रील पुन्हा पुन्हा लावायचे. मग दुसरी, मग भलतंच काहीतरी, आणि मान वर करावी तर दिवस मावळलेला. काय पाहिलं विचाराल तर एक धड सांगता यायचं नाही. लेक्चरं बुडाली, विषय राहिले, डोक्याला पाणी लागेना. चार्जरची वायर पोचेल तेवढंच माझं जग. फोन खाली ठेवला की छातीवर पाटा ठेवल्यासारखं व्हायचं, म्हणून मी तो ठेवायचेच नाही. मला जगायचा कंटाळा आला होता. आज हे सरळ लिहिते आहे, तेव्हा स्वतःशीही म्हणता येत नव्हतं. आणि तरी रोज संध्याकाळी, दिवसभर अंथरुणातून न उठताही, मी आईला पोचल्याची रिंग द्यायचे.

एका संध्याकाळी मी कापलाच नाही. "आई, मला घेऊन जा," एवढंच म्हणायचं होतं. ते शब्द तोंडात धरून बसले होते. रिंग वाजत राहिली, वाजत राहिली, आणि मग ती रेकॉर्ड केलेली बाई म्हणाली की समोरून उत्तर मिळत नाही. पुन्हा लावायचं बळ नव्हतं. मी भिंतीकडे तोंड करून पडले, ती पडलेच. दुसऱ्या दिवशी रिंगही दिली नाही. माझी रूममेट शहाणी, तिने स्वतःच्या फोनवरून घरी कळवलं. नंबर अनोळखी होता, म्हणून आईने उचलला.

आई ज्या बंगल्यावर कामाला जायची तिथलं धुण्याभांड्याचं काम टाकून तशीच आली. आधी माझं डोकं विंचरायला घेतलं, आणि गुंता सुटेना तेव्हा रडली.

आता मी घरी असते. लोणावळ्याला डॉक्टरांकडे जातो, गोळ्या चालू आहेत. माझा फोन मी थोडाच वेळ हातात घ्यायचा असं ठरलंय. कधी जमतं, कधी अजिबात नाही. परवा तांदूळ निवडता निवडता मी आईला सहज विचारलं, "त्या दिवशी फोन एवढा वेळ वाजला. तू घरात नव्हतीस?"

"व्हते की. हितंच उबी व्हते, फोनाम्होरं," ती म्हणाली. "म्हटलं, कापायचं इसरली. लय येळ वाजला, मला बरंच वाटलं. म्हटलं, आज पोरगी खुशीत हाय."

मग तिचा हात सुपातच थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिला सगळं समजलं. कशाला विचारलं मी!

तेव्हापासून आई एकही फोन सोडत नाही. मी तर तिच्याजवळच असते, त्यामुळे येतात ते सगळे कंपन्यांच्या जाहिरातींचे. तरी पहिल्या रिंगला ती ओल्या हाताने देवळीकडे धावते. पलीकडे रेकॉर्ड केलेली एखादी बाई हिंदीत भराभर बोलत असते. आई फोन कानाला घट्ट धरून सगळं शेवटपर्यंत ऐकते आणि मधेमधे म्हणते, "बोल बाळा, बोल. आयकतीय मी."