मागं सारलेली पोत

तो लिफाफा माझ्या कपाटात वरच्या खणात आहे. आतला फोटो पाहायचा झाला तर खिडकीशी जावं लागतं. तो काळसर, पातळ फिल्मवर आहे आणि मागून उजेड आल्याशिवाय त्यात काही दिसत नाही. उजेडात धरला की माझ्या बायकोच्या बरगड्या दिसतात. डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली, दोन पांढरे गोल ठिपके आहेत आणि त्यांच्याकडे उतरत गेलेली बारीक ठिपक्यांची माळ. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिचा दुसरा कुठलाही फोटो आमच्या घरात नाही.

मी तेव्हा बीडला, हैदराबाद संस्थानाच्या सरकारी शाळेत शिकवत होतो. शाळेत उर्दू, घरात मराठी. पुण्याहून एक मासिक टपालानं यायचं. त्यात एकदा क्ष-किरणांवर लेख आला होता, माणसाच्या हाताच्या हाडांच्या चित्रासकट. तो वाचल्यापासून मी एक कादंबरी लिहायला घेतली होती. दोनशे वर्षांनंतरचं एक शहर. त्याच्या प्रत्येक वेशीत असा एक दिवा. येणाऱ्याजाणाऱ्यानं त्याच्यापुढून जायचं आणि कारकुनानं पडद्यावर त्याचं आतलं सगळं पाहायचं. चोरी लपत नाही, रोग लपत नाही. पुढे सुधारणा होत होत दिवा इतका बारीक होतो की खोटं बोललेलं काळजात डाग होऊन दिसतं. मला ते शहर फार स्वच्छ आणि सुखी वाटायचं.

बायको तेलगावची, शेतकऱ्याची मुलगी. तिला वाचता येत नव्हतं. दुपारी ती डाळ निवडत बसली की मी लिहिलेलं तिला वाचून दाखवत असे.

"त्या गावात बाया ऱ्हातेत का?" तिनं एकदा विचारलं.

"राहतात की. का गं?"

"न्हाई, म्हनलं, लई अवघड हाय. सासूला काय वाटतं ते सुनंला दिसणार, सुनंचं सासूला. सैपाक कोण करील मग?"

मी हसलो आणि पुढचं पान वाचलं.

त्या वर्षी तिला खोकला लागला. संध्याकाळी अंग तापायचं. इथल्या डॉक्टरांनी छाती ठोकून पाहिली, थुंकी तपासली, त्यात काही सापडलं नाही. ते म्हणाले, "मला डाव्या बाजूला वरती शंका आहे. हैदराबादला नेऊन छातीचा फोटो काढून आणा. डाग दिसला तर क्षयाच्या इस्पितळात जागा मिळावी म्हणून मी चिठ्ठी देईन. फोटोशिवाय ते कुणाला घेत नाहीत. लवकर गेली तर बरी होईल."

शाळेतून आठ दिवसांची रुखसत, म्हणजे रजा, मिळाली. मोटारीनं जालना, तिथून आगगाडी. बायकोबरोबर बाईमाणूस हवं म्हणून आई आली. आईसमोर मी बायकोशी थेट बोलत नसे. तेव्हा कुणीच बोलत नसे. तीनशे मैल आम्ही दोघं आईच्या मार्फत बोललो. "तिला पाणी हवंय का विचार," असं.

दवाखान्यात एका अंधाऱ्या खोलीपुढे बाक होता. आई त्यावर बसली. खोलीत यंत्र चालवणारे एक वयस्क मियाँ होते. पांढरी दाढी, फार अदबीचे. परक्या बाईशी बोलायचं नाही म्हणून तेही सगळं मलाच सांगत होते.

"मास्टरसाब, बाईंके गले में कुच है क्या देखो. सोना, चांदी, कुच बी नक्को."

बायको पडद्याच्या आत फळीला छाती टेकून उभी होती, पाठमोरी. मी पडदा बोटभर सरकवला. पदर डोक्यावरून खांद्यावर आला होता आणि मानेजवळ काळे मणी दिसत होते. तिनं पोत काढली नव्हती. पुढून ओढून पाठीवर टाकली होती. वाट्या डाव्या खांद्याखाली, चोळीच्या आत गेल्या असणार.

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनंती होती. गळा मोकळा केला तर माझं काही बरंवाईट होईल, या भीतीची.

तो दिवा पुढचं-मागचं पाहत नाही, सगळं एकावर एक पाडतो, हे मला माहीत होतं. त्यावर मी ऐंशी पानं लिहिली होती. पण आई चार हातांवर बसली होती. तिच्यासमोर बायकोला "मंगळसूत्र काढ" म्हणायचं, ती रडेल, आई काहीतरी बोलेल, आणि हे सगळं त्या हैदराबादी माणसापुढे, जो मला मास्टरसाब म्हणतो आहे. खेडवळ माणसं आली आहेत असं त्याला वाटेल.

"कुच नहीं," मी म्हणालो.

"देख लिए ना?"

"देख लिया."

आतून घरघर ऐकू आली आणि थांबली. दुसऱ्या दिवशी बंद लिफाफा हातात मिळाला. इथल्या डॉक्टरांना दाखवायचा होता. आम्ही त्याच गाडीनं परत फिरलो.

डॉक्टरांनी फोटो खिडकीत धरला. मग बोट ठेवून म्हणाले, "मला शंका होती ती इथं. आणि नेमकं इथं हे काय आलंय? दागिना काढायला सांगितलं नाही का कुणी?"

मी म्हणालो, "राहून गेला असेल."

"मग हा निरुपयोगी आहे. पुन्हा जावं लागेल."

घरी मी आईला सांगितलं, तेव्हा ती लुगड्याच्या ओच्यातून एक पुरचुंडी काढून माझ्यापुढे धरून बसली. पिवळ्या दोऱ्यात ओवलेलं हळकुंड.

"आरं, मला इचारायचं की. पोत गाठवायला पटवेकऱ्याकडं दिली म्हंजी आमी काय गळा मोकळा ठेवतो व्हय? हे बांधतो. घरून निगतानाच घेतलं व्हतं मी. बाकावर बसून वाट बगत व्हते, कवा मागताय म्हनून. तू म्हनलास कुच न्हाई, मला वाटलं तिचं तिनं केलं असंल."

मी ते हळकुंड हातात घेतलं. सोवळंओवळं, उपासतापास, या सगळ्यांत आईला मी अडाणी समजत आलो होतो.

दुसऱ्या रुखसतीचा अर्ज नामंजूर झाला. तपासणीला साहेब येणार होते. तिसरा अर्ज परीक्षेपर्यंत थांबवला. मधल्या काळात डॉक्टर तापाचं औषध देत राहिले. संसर्गाच्या भीतीनं तिला माडीवरच्या खोलीत ठेवलं. तिथल्या खिडकीतून शेजारच्या घराची भिंत तेवढी दिसायची. मी शाळेतून आलो की दारात खुर्ची टाकून बसायचो. आत जायचं नाही असं ठरलं होतं. मी दारात, ती भिंतीकडे तोंड करून.

"मी मागं सारली व्हती," ती एकदा म्हणाली. "फोटू म्होरून काढतेत ना?"

"हो."

"मग मागचं कसं दिसलं?"

मी समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. "तुमाला दिसली व्हती का, मानंवर?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली.

परीक्षा संपून रुखसत मंजूर झाली तेव्हा तिला मोटारीत बसवण्यासारखी तिची स्थिती राहिली नव्हती. डॉक्टर म्हणाले, आता फोटो कशाला, आता नुसतं ऐकूनही कळतं. चिठ्ठी त्यांनी दिली. इस्पितळातून उत्तर आलं की इतक्या पुढे गेलेल्या रोग्याला जागा देता येत नाही.

शेवटच्या आठवड्यात तिनं मला ती गोष्ट वाचायला सांगितली. मी दारातून वेशीचं प्रकरण वाचलं. मधेच तिनं हात वर केला.

"त्या येशीत मी हुबी ऱ्हायले तर काय दिसंल?"

"काही नाही. तू कुठं खोटं बोललीस?"

"आन् तुमी?"

माझ्या हातात पान होतं. तिचा चेहरा भिंतीकडेच होता. मी म्हणालो, "मला दिसली होती."

"ठावं हाय," ती म्हणाली. "तुमी पडदा सारला तवाच. म्या म्हनलं, यांना बी माझ्यासारखंच वाटलं."

माझ्या मनात तसं काही नव्हतं, हे मी तिला सांगितलं नाही. ती तेवढ्यावर समाधानानं निजली होती.

कादंबरी पुढे लिहून झाली नाही. आईनं हळकुंड परत घेतलं नाही. ते मी फोटोच्या लिफाफ्यात टाकलं. एवढ्या वर्षांत लिफाफ्याचा तो कोपरा पिवळा पडला आहे.