सहा फुटांवरचा खिळा

बन्सीलालनानांचा कशावरच विश्वास नसे. दूधवाला गेला की ते पातेलं उजेडात धरून बघत. बायको मंदाबाई म्हणत, "अहो, एकदा म्हशीचीच सही घेऊन या ना." नाना हसत नसत.

हा स्वभाव त्यांना मैदानानं दिला. बोदवडच्या वाटेवर एका कारखान्याच्या वसाहतीला लागून नऊ होलचं गोल्फचं मैदान आहे. तिथं ते सोळाव्या वर्षी कॅडी म्हणून लागले. साहेबांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घ्यायची आणि मागे चालायचं. चाळीस वर्षं एकच खेळ बघितला. चेंडू बाभळीच्या मुळाशी अडकलेला असायचा. साहेब लघवीचं निमित्त करून तिकडे जायचे, आणि परत येईपर्यंत चेंडू मोकळ्या जागी येऊन बसलेला असायचा. "किती फटके झाले रे, बन्सी?" "पाच, साहेब." खरे सात. ओठ मिटून ते पाच लिहीत.

बघून बघून खेळ मात्र हाडात मुरला. निवृत्तीनंतर क्लबनं त्यांनाच कोच नेमलं. शिकायला आलेल्यांतून टिकली एकटी सरिता. चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची. वय एकोणीस. क्लबच्या कँटीनमध्ये कामाला, आणि दुपारी दोन तास सराव.

मैदानाला पाणी नाही, म्हणून होलभोवती हिरवळ नाही. तिथं जळक्या तेलात कालवलेली वाळू असते, तिला सगळे ब्राऊन म्हणतात. चेंडू होलात ढकलण्याआधी लोखंडी पाटा ओढून मधली वाट सपाट करायची, असा इथला रिवाज. नानांनी सरावाच्या ब्राऊनवर सहा फुटांवर एक खिळा ठोकून दिला. "इथून रोज शंभर चेंडू. किती गेले ते वहीत लिहायचं." रोज संध्याकाळी वाळू सारखी करणाऱ्या माळ्याला ताकीद दिली, ह्या वाळूला हात लावायचा नाही. पावलांच्या खुणा पुसल्या गेल्या तर पोरगी खरंच येते की नाही, ते कसं कळणार?

वहीत आधी अठ्ठावन्न, बासष्ट असे आकडे आले. दोन महिन्यांत नव्वद, मग एक्याण्णव, मग त्र्याण्णव. खाली येण्याचं नाव नाही. नानांना घास गोड लागेना. माणसाला ताप येतो, घरी भांडण होतं, एखाद्या दिवशी हात चालत नाही. हिचा हात रोज चढतोच कसा?

नाशिकच्या निवड चाचणीसाठी क्लबकडून शनिवारी एक नाव जायचं होतं. निवड झाली तर सरिताला वर्षभर तिथं राहून खऱ्या गवतावर शिकायला मिळणार होतं. नाही तर आहेच कँटीन. अर्जावर सरावाचा आकडा आणि त्याखाली कोचची सही. ह्या एका सहीवर तरी नानांना खोटं नको होतं.

सोमवारपासून ते ब्राऊनशेजारच्या, कधीच बंद पडलेल्या पंपाच्या खोलीत जाऊन बसू लागले. खिडकीच्या फटीतून खिळा समोरच दिसे. सोमवारी स्वतः मोजले, एक्याण्णव. मंगळवारी ब्याण्णव. मग संशय चेंडूंवर गेला, मग होलवर. टेप लावून होल मोजलं. बरोबर होतं. बुधवारी बाहेरून आवाज आला.

"नाना, बाहेर या. तठे डास चावतीन."

नाना उठले. "तुला माहीत होतं?"

"खिडकीमा तुमनी टोपी दिखस. तीन दिवस व्हयनात."

ते ब्राऊनवर गेले, गुडघे टेकले आणि वाळूला गाल लावून पाहू लागले. खिळ्यापासून होलपर्यंत एक उथळ पन्हळ पडली होती. रोज शंभर वेळा त्याच रेषेत पाटा ओढला, की वाळू दोन्ही कडांना सरकून बसते. चेंडू वाकडा गेला तरी कड त्याला आत लोटत होती.

"हे तुला ठाऊक होतं," नाना म्हणाले.

"काय?" सरिता खाली वाकली. बघितलं, आणि तिचा चेहरा उतरला. मग चिडली. "खिळा कोन ठोका? तुम्ही. पाटा कोन दिधा? तुम्ही. मंग मी खोटी शे का?"

नाना वाळूतच बसून राहिले. खिळा इथंच का ठोकला, ते त्यांनाच ठाऊक होतं. पंपाच्या खोलीतून नीट दिसावा म्हणून. माळ्याला अडवलं तेही पोरीवर पाळत ठेवायला. शिकवण्यासाठी यातलं काहीच नव्हतं.

"दुसऱ्या ब्राऊनवर चल," ते म्हणाले. "एका जागेवरून दोनदा मारायचं नाही. तीन फूट, दहा फूट, पाच फूट, चढावरून, उतारावरून. दर वेळी नव्यानं बघायचं, मग मारायचं."

शंभरात एक्केचाळीस गेले.

शुक्रवारी नानांनी अर्जात एक्केचाळीस लिहिलं. सरितानं कागद हातातून ओढून घेतला, एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचलं.

"वहीमा त्र्याण्णव शेतस. कमी कसाले लिखं? दुसऱ्यानं नाव धाडनं शे का?"

"नाव तुझंच जाईल. चाचणीला तीन आठवडे आहेत. हा खरा आकडा वाढवू."

"तुम्ही खरं बोली ऱ्हायनात, हाई मी कसं मानू?"

जन्मभर हा प्रश्न नानांनीच दुसऱ्यांना विचारला होता. त्यांनी सही केली.

"आते मी सांगसू, तुम्ही लिखा," सरिता म्हणाली. "आनि तिकडे तोंड करा."

दुसऱ्या ब्राऊनवर नाना तिच्याकडे पाठ करून उभे राहिले, हातात वही. पहिला चेंडू होलात पडल्याचा टक् आवाज आला. दुसरा आला नाही. "नही ग्या," ती म्हणाली. तिसऱ्या वेळी बोदवडकडून मालगाडी आली, लांबच लांब, डब्यामागून डबे. काहीच ऐकू येईना.

"ग्या," सरिता म्हणाली.

वळून बघावं, असं नानांच्या अंगात उसळून आलं. गाडी अजून संपत नव्हती. त्यांनी वहीत 'गेला' असं लिहिलं.

"लिखं का?"

"लिहिलं."

"वाची दाखाडा," सरिता म्हणाली. "मोठ्यानं."

नाना पहिल्यापासून वाचू लागले.